सूर्यकांत, आपले हृदय जोडलेले आहे

गेल्या हिवाळ्यात माझ्या छातीत, कातडीच्या जरा आत, काडेपेटीतल्या काडीएवढं एक यंत्र बसवण्यात आलं. ते बसवायला फारसा वेळ लागला नाही. ते माझ्याच छातीत आहे हे सिद्ध करायला मात्र उन्हाळा उजाडला, आणि तरीही ते सिद्ध झालं असं मला खात्रीनं म्हणता येणार नाही.

मी दुबईतल्या जबल अलीच्या फ्री झोनमध्ये वजनकाटे तपासतो. काट्यावर प्रमाणित वजन ठेवायचं, काटा काय म्हणतो ते बघायचं, खोटं बोलत असेल तर दुरुस्त करायचा आणि खरं बोलत असेल तर वर हिरवा स्टिकर चिकटवायचा. ‘भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता स्टिकर लावतो,’ अशी माझी ओळख आमचे शेजारी विष्णूकाका गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींना करून देतात. मी ते मनाला लावून घेत नाही. सांगायचा मुद्दा असा की एखादी गोष्ट मोजता आली नाही की मी अस्वस्थ होतो, आणि माझी धडधड मोजता येत नव्हती.

ती यायची तिच्या मर्जीनं. जिना चढताना नाही, साहेबांनी बोलावल्यावर नाही. वरणभात कालवताना, दात घासताना, गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल उचलताना. छातीत कुणीतरी एकदम पळत सुटायचं, भिंतीपाशी जाऊन थबकायचं, आणि त्या थबकण्यात इतकी शांतता असायची की स्वयंपाकघरातला फ्रिज ओरडतोय असं वाटायचं. मग सगळं पूर्ववत. मला भीती धावण्याची नव्हती, थबकण्याची होती. भिंतीच्या पलीकडून कुणीतरी कान लावून ऐकतंय, असं वाटायचं. विज्ञानाच्या पदवीधरानं असं वाक्य लिहू नये हे मला कळतं, पण निरीक्षण जसं आहे तसं नोंदवावं असंही आम्हाला शिकवलेलं आहे.

या बाबतीत आई काहीच बोलत नव्हती, आणि त्याला कारण होतं. बाबा चार वर्षांपूर्वी गेले, कामावरून परत येताना, कंपनीच्या बसमध्ये. दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं, ‘हृदयक्रिया बंद पडून’. हे मला आजही कारण वाटत नाही. हृदयक्रिया बंद पडणं म्हणजेच मरण, तेव्हा माणूस मरणामुळे मेला, असा त्या दाखल्याचा अर्थ होतो. असं प्रमाणपत्र कुणी आमच्या लॅबमध्ये आणलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. आईनं मात्र तेव्हा कारण विचारलंच नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायची, “दुखलं असेल का हो त्यांना?” लोक म्हणायचे, नाही हो वहिनी. पण त्यांना काय माहीत. हळूहळू तिनं विचारणं सोडलं. उत्तर मिळालं म्हणून नव्हे.

तर मी धडधडीबद्दल घरात बोललो आणि ती बातमी दुबईशेजारच्या अजमानमधल्या आमच्या अख्ख्या इमारतीत पसरली. विष्णूकाका म्हणाले, “एक दिवसाची मशीन लावतात छातीला. लाव आणि खलास कर विषय.” मी लावली. छातीवर वायरी चिकटवून चोवीस तास हिंडलो, आणि त्या अवधीत माझं हृदय एखाद्या सद्गृहस्थासारखं वागलं. अहवाल आला, सर्व ठीक. काका म्हणाले, “प्लंबर आला की नळ गळायचा थांबतो, तसं आहे हे. मशीनला घाबरतंय ते.”

काकांची पत्नी कुंदाकाकू यांचं निदान वेगळं होतं. “दृष्ट आहे. इतका गोरागोमटा मुलगा, त्यात दुबईत नोकरी. काढायलाच हवी.” मी म्हणालो, काकू, दृष्ट लागायला माझ्याकडे आधी काहीतरी लागण्यासारखं हवं. त्यांनी ऐकलं नाही. मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळून त्यांनी त्या तव्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट होती असं समजतात. ठसका आम्हाला आला नाही, कारण सगळा धूर सरळ छताला लावलेल्या यंत्रापाशी गेला. आमच्या मजल्यावर, मग सगळ्याच मजल्यांवर, घंटा वाजू लागली.

सगळी इमारत जिन्यानं खाली उतरली. खालच्या मजल्यावरच्या मरियमबी कुकर हातात धरून उतरल्या, कारण एक शिट्टी राहिली होती. अग्निशमन दलाचा माणूस वर जाऊन तवा घेऊन खाली आला आणि त्यानं त्यात बराच वेळ डोकावून पाहिलं.

“काय शिजवत होतात?” त्यानं विचारलं.

“कुकिंग,” काकू म्हणाल्या.

शास्त्रीयदृष्ट्या लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की इतके मजले धावत उतरूनही माझं हृदय घड्याळासारखं चाललं होतं. रात्री दहीभात खाताना मात्र ते पळालं, थबकलं, आणि या वेळी माझ्या हातातला चमचा खाली पडल्याचं मला आवाजावरून कळलं. मधला एक तुकडा हरवला होता. चमचा हातात होता आणि मग तो जमिनीवर होता. पडतानाचा चमचा मला कुणी दाखवलाच नाही.

आईनं चमचा उचलला, धुतला आणि म्हणाली, “उद्याच डॉक्टरकडे जायचं.”

डॉक्टर जैनब मूळच्या सुदानच्या. अतिशय शांत बाई. त्या म्हणाल्या, तुमचा पाहुणा कधीतरीच येतो, तेव्हा पहारेकरी कायमचा बसवायला हवा. कातडीखाली एक बारीक यंत्र ठेवायचं. ते रोजचे ठोके ऐकत राहील, गडबड झाली की टिपून ठेवेल आणि मोबाइलमधल्या ॲपमार्फत आमच्याकडे पाठवेल. मी विचारलं, कारण सापडेल ना? त्या म्हणाल्या, “इन्शाल्ला.” जबल अलीत हा शब्द मी रोज ऐकतो. ट्रक कधी येणार? इन्शाल्ला. तो ट्रक सहसा येत नाही. डॉक्टरांच्या तोंडून मला जरा दशांश चिन्हातलं उत्तर आवडलं असतं.

विमा कंपनीनं आधी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की अर्जदाराची धडधड आजवर कुठेही नोंदली गेलेली नाही, तेव्हा धडधड नोंदवणाऱ्या यंत्राची गरज सिद्ध होत नाही. हे वाक्य मी कागदावर उतरवून लॅबमध्ये भिंतीला लावलं आहे. काका म्हणाले, “स्वतःच्या खर्चानं करायचं तर किती होतात? रुपयात सांगू का? नको, आधीच धडधडतंय तुला.” शेवटी डॉक्टर जैनब यांनी पडलेल्या चमच्याबद्दल सविस्तर पत्र लिहिलं आणि मंजुरी आली.

आता मुख्य घोटाळ्याकडे येतो. पुण्याहून शिकून परत आलो तेव्हा मला इथला मोबाइल नंबर हवा होता. बाबांचा नंबर आईनं चालू ठेवलेला होता. चालू नंबर फुकट का घालवायचा, म्हणून मी तो घेतला. आपल्या लोकांत यात कुणाला काही वावगं वाटत नाही; बाबांचं घड्याळ वापरतो, तसा नंबर. पण त्या रुग्णालयात रुग्णाची फाइल मोबाइल नंबरावरून शोधतात, आणि बाबा कधीकाळी खांदा दुखतो म्हणून तिथे गेले होते. ते वारले ते रस्त्यात. त्या रुग्णालयाला कुणी कळवलंच नव्हतं. त्यांच्या लेखी बाबा फक्त बरेच दिवस आले नव्हते.

नोंदणीच्या काउंटरवर काठमांडूचा कुशल नावाचा हसतमुख मुलगा होता. त्यानं नंबर टाकला, फाइल उघडली, माझं ओळखपत्र पाहिलं. ओळखपत्रावर आपल्या रिवाजाप्रमाणे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव: निनाद सूर्यकांत आठल्ये. फाइलवर सूर्यकांत आठल्ये. “सेम सेम,” तो समाधानानं म्हणाला. जन्मतारीख जुळेना, तेव्हा आधीच्या कुणाची तरी टायपिंग मिस्टेक असणार असं ठरवून त्यानं ती दुरुस्त केली. इतकी कर्तव्यदक्ष चूक मी क्वचितच पाहिली आहे. त्या वेळी ती मला दिसली नाही, कारण मी तेव्हा सुईचा विचार करत होतो.

यंत्र बसलं. छातीवर लहानशी पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेलो होतो आणि मोबाइल जेवणाच्या टेबलावर होता. बाहेर आलो तर आई पोळी तव्यावर टाकून टेबलापाशी उभी होती. पोळी जळत होती. पडद्यावर लिहिलं होतं:

सुप्रभात, सूर्यकांत. आपले हृदय जोडलेले आहे. रात्रीचे ठोके नियमित.

“चुकून झालंय,” मी म्हणालो.

“हो,” आई म्हणाली. मग तिनं गॅस बंद केला आणि घंटा वाजू नये म्हणून खिडकी उघडली.

त्यानंतर हे रोज होऊ लागलं. सूर्यकांत, आपले हृदय जोडलेले आहे. सूर्यकांत, काल आपण कमी चाललात. जुनी फाइल जागी झाल्यामुळे तिच्यातलं बाकीचंही जागं झालं: सूर्यकांत, आपली खांद्याच्या व्यायामाची अपॉइंटमेंट बाकी आहे; दुखणे आता कसे आहे?

आईनं चहा गाळता गाळता ते वाचलं. “बरं आहे म्हणावं आता,” ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नव्हती.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी उठायच्या आत मोबाइल माझ्या उशापासून टेबलावर गेलेला असतो. आई चहा घेऊन त्याच्यासमोर बसलेली असते. निरोप आला की ती कप उचलते.  शर्टाची बटणं लावताना पट्टीच्या जागी बोट लागलं की मला आपण दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखं वाटायचं.

रुग्णालयाच्या निरीक्षण कक्षात अजरा नावाची एक मुलगी होती. यंत्रानं काही वेगळं पाठवलं की तिचा फोन यायचा. मला लॅबमध्ये मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, म्हणून एकदा तिनं फाइलमध्ये असलेल्या दुसऱ्या नंबरावर फोन केला. त्या दिवशी मी तापामुळे घरीच होतो, आतल्या खोलीत. आईचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

“हाँ, मैं उनकी वाइफ बोल रही हूँ,” आई म्हणाली. मग जरा थांबून, “नहीं, कोई तकलीफ नहीं बताई. वैसे वो बताते नहीं हैं कुछ. हाँ. ऑफिस से आएँगे तो पूछती हूँ.”

 मी पांघरूण डोक्यापर्यंत ओढून घेतलं, म्हणजे मी सहा वर्षांचा असताना जे केलं असतं तेच केलं. गंमत अशी की आई शब्दशः खोटं काही बोललीच नव्हती. ती सूर्यकांत आठल्ये यांची पत्नी आहेच. ते तक्रार करत नसत, हेही खरं. शेवटचं एक वाक्य सोडलं तर बाकीच्यावर मी हिरवा स्टिकर लावला असता.

त्याच आठवड्यात मी नाव दुरुस्त करायला गेलो.

“सर, सिंपल है,” कुशल म्हणाला. “फाइल जिनके नाम पे है उनका एनओसी चाहिए.”

“फाइल माझ्या वडिलांच्या नावावर आहे,” मी हिंदीत म्हणालो.

“तो फादर को ले आइए. दो मिनिट का काम.”

“ते वारलेत.”

कुशलचा चेहरा खरोखर पडला. “सॉरी सर. कब?”

“चार वर्षं झाली.”

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. “लेकिन सर,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “इनका तो पिछले महीने प्रोसीजर हुआ है.”

मी माझ्या मते अत्यंत मुद्देसूद खुलासा केला. मागे उभ्या असलेल्या दोन बायका खुर्च्या बदलून लांब जाऊन बसल्या. शेवटी ठरलं की मृत्यूचा दाखला आणावा, म्हणजे सूर्यकांत यांना बाजूला काढता येईल आणि मी उरेन. मी दाखला आणून दिला. कुशलनं तो स्कॅन केला, दोन कळा दाबल्या आणि म्हणाला, “डन सर.”

झालं ते असं: मला वडिलांपासून वेगळं काढण्याची सोय त्यांच्या सिस्टममध्ये नव्हती. आमची दोघांची फाइल एकच होती. तिच्यावर ‘मृत’ असा शिक्का पडला.

संध्याकाळी आईच्या मोबाइलवर निरोप आला. श्री. सूर्यकांत यांच्या निधनाबद्दल आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. आमच्या सेवेबद्दलचा आपला अनुभव एक ते पाच ताऱ्यांत कळवावा.

आईनं तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. “म्हणजे आता सकाळचं येणार नाही का?”

“नाव बदललं की माझ्या नावानं येईल.”

“हो का,” ती म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली. जुडी संपली तरी तिची बोटं चालूच होती.

मी पुन्हा काउंटरवर गेलो. डॉक्टर जैनब यांची माझी पुढची अपॉइंटमेंट आपोआप रद्द झाली होती, विम्यानं पुढचे दरवाजे लावून घेतले होते. मी म्हणालो, मी तुमच्यासमोर उभा आहे. कुशल म्हणाला, “सर, मैं आपको देख रहा हूँ. सिस्टम नहीं देख रहा.” आयटीवाले दुरुस्त करतील का? इन्शाल्ला. मला ट्रक आठवला.

यंत्राला मात्र यातलं कुणी काही कळवलं नव्हतं. ते ऐकत होतं आणि पाठवत होतं. सकाळी पडद्यावर आता फक्त एवढंच यायचं: माहिती पाठवली. कुणाला, ते लिहिलेलं नसायचं.

काका आणि मी कंपनीच्या एकाच बसनं जबल अलीला जातो. काका बाबांच्याच कंपनीत होते, अजून आहेत. रोज ते डब्याची पिशवी ठेवून माझ्यासाठी खिडकीची जागा धरतात. परतीच्या बसमध्ये सगळी माणसं झोपतात; दिवसभराच्या उन्हानंतर तेवढाच एसी असतो आणि तो हक्क कुणी कुणाचा हिरावून घेत नाही. काका मला झोपू देत नाहीत. डोळा लागला की कोपरानं ढोसतात. “झोपलास का रे? ऐक, घरमालक काय म्हणाला...” मी आजवर त्यांच्याकडून घरमालक, ड्रेनेज, मुलीची सासू आणि आंब्याच्या पेट्या यांवर इतकं ऐकलं आहे की या विषयांत मी दुसरी एम.एस्सी. करू शकेन. हा त्यांचा स्वभावदोष आहे असं मी धरून चाललो होतो.

त्या दिवशी वाळूचं वादळ होतं. दुपारीच आकाश पिवळं पडलं, मग तपकिरी. बस निघाली तेव्हा समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. दुबई मरीनाच्या इमारती कुणीतरी खोडरबरानं अर्धवट पुसल्यासारख्या वाटत होत्या. एखादी खिडकी हवेत पेटलेली, तिच्याखाली काही नाही. काचेवर वाळू बारीक वाजत होती. बसमधली सगळी माणसं माना टाकून झोपलेली, चेहऱ्यांवर तो पिवळा उजेड. जागे आम्ही दोघंच, आणि बहुधा ड्रायव्हर.

काका एसीच्या सर्व्हिसिंगबद्दल बोलत होते. छातीतलं कुणीतरी पळत सुटलं. मी मोबाइलवर ॲपमधलं नोंदीचं बटण दाबलं, कारण धडधड झाली की ते दाबावं अशी सूचना होती. मग ते थबकलं. वाळूचा आवाज बंद झाला. काकांचे ओठ हलत होते.

पुढचं मला ऐकून माहीत आहे.

अजराच्या पडद्यावर एका मृत माणसाचे ठोके आले. तिनं फाइल बंद करून पुन्हा उघडली. मृतांची माहिती कुणाला पाठवायची याचा त्यांच्याकडे नियम नव्हता, आणि ती ज्यांना विचारणार ते मीटिंगमध्ये होते. तिनं मला फोन केला. तो माझ्या खिशात वाजत राहिला. मग तिनं दुसरा नंबर लावला.

“मिसेस आठल्ये, माफ कीजिएगा,” ती म्हणाली, “मुझे मालूम है आपके हजबंड अब नहीं रहे. पर उनका दिल अभी, इसी वक्त, बहुत तेज चला है और फिर रुक गया है. डॉक्टर मीटिंग में हैं, मैं किसको बताऊँ, समझ नहीं आ रहा.”

आई त्या वेळी गॅलरीतले कपडे आत घेत होती. इतके दिवस या मुलीशी ती सूर्यकांत यांची पत्नी म्हणून बोलत होती, आणि अजून एकदा तसं बोलता आलं असतं.

“वो मेरे हजबंड नहीं हैं,” आई म्हणाली. “वो गए. ये मेरा बेटा है. निनाद. नाम लिखिए. निनाद. कंपनी की बस में है. डॉक्टर को उठाइए मीटिंग से.” मग तिनं काकांना फोन लावला.

काकांना फोनची गरज नव्हती. माझी मान कलल्याबरोबर त्यांनी मला आधी कोपरानं, मग मुठीनं, मग डब्याच्या पिशवीनं ढोसलं होतं. मी डोळे उघडले तेव्हा ते माझ्या तोंडाशी तोंड आणून ओरडत होते, “झोपायचं नाही. सूर्या, झोपायचं नाही.” आणि मान वळवून ड्रायव्हरला, “यल्ला, हॉस्पिटल. अजमान गेलं खड्ड्यात.”

अशा रीतीनं पूर्ण बस रुग्णालयाच्या दारात उभी राहिली. झोपेतून उठलेली, वाळूनं माखलेली माणसं एकामागून एक खाली उतरली आणि आपण कुठल्या स्टॉपवर आहोत ते बघू लागली. आत कुशलनं नंबर टाकला आणि त्याची बोटं थांबली.

“सर, ये पेशंट तो...”

“मेला नाही तो,” काका मराठीतच गरजले. “आत्ता ढोसलाय मी त्याला.”

कुशलला शब्द कळले नसावेत. त्यानं फाइल बाजूला सारली आणि चाकांची खुर्ची स्वतः ढकलत मला आत नेलं.

पडद्याआड मला वायरी लावल्या जात असताना काका कॉटच्या कडेला बसले. त्यांच्या दाढीत वाळू होती. “तेव्हा नाही ढोसलं मी,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “त्याच सीटवर होता. मान टाकली. म्हटलं दमलाय, झोपू दे. अजमान येईपर्यंत झोपू दिला.”

 

आई टॅक्सीनं पोचली तेव्हा डॉक्टर जैनब हातात एक लांब कागद घेऊन आल्या होत्या. यंत्रानं सगळं टिपलं होतं. आधी दाटीवाटीचे डोंगर, मग एक सपाट रेघ. शाळेत पट्टी धरून ओढावी तशी. आणि मग, बऱ्याच अंतरावर, एकच लहानसा उंचवटा, जणू कुणीतरी दार ढकलून बघतंय. हृदय धावतं आणि दमून थांबतं, डॉक्टर म्हणाल्या, उपाय आहे, पेसमेकर बसवू, म्हणजे ते थांबलं की तो त्याला उठवेल.

“म्हणजे आतून ढोसणार,” काका म्हणाले.

आई त्या रेघेकडे बघत होती. “ह्याच्या वडिलांचंही हेच झालं असेल?”

“ज्याची नोंद माझ्याकडे नाही त्याबद्दल मी सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. बाई मला त्या क्षणी फार आवडल्या. “असू शकेल.”

आईनं रेघेवर बोट ठेवलं. मला वाटलं ती पुन्हा डॉक्टरांना विचारणार. पण ती माझ्याकडे वळली. “दुखतं का रे इथे?”

चार वर्षांपूर्वी हा प्रश्न तिनं चुकीच्या लोकांना विचारला होता.

“नाही, आई,” मी म्हणालो. “वेळच मिळत नाही दुखायला. काका एसीबद्दल बोलत होते. मग कुणीतरी आवाज कमी केला. एवढंच.”

“घाबरायला?”

“तेवढाही नाही.”

मोजमापाच्या दृष्टीनं हा पुरावा कमकुवत आहे हे मला मान्य आहे. नमुना एकच, तोही दुसऱ्या माणसाचा, आणि साक्षीदार बेशुद्ध. पण त्या रेघेच्या आत जाऊन परत आलेलं दुसरं उपकरण उपलब्ध नव्हतं. आईनं कागदावरचं बोट उचललं, पदरानं माझ्या भुवयांवरची वाळू पुसली, आणि पहिल्यांदाच रडली. काका घाईघाईनं पाणी आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

आईच्या नंबरावर माझी नवी फाइल झाली. पेसमेकर बसला, जुनी काडी काढली. डिस्चार्जच्या दिवशी कुशलनं आम्हाला काउंटरपाशी थांबवलं. तो फार अडचणीत दिसत होता.

“सर, फादर की फाइल क्लोज नहीं हो रही. सिस्टम रीजन माँग रहा है. डेथ चार साल पहले की है, और लास्ट हार्टबीट पिछले हफ्ते की. मैं क्या लिखूँ?”

मी घसा साफ केला. झालेल्या सर्व चुकांचा क्रमवार खुलासा माझ्याकडे तयार होता.

“जो है वही लिखो,” आई म्हणाली. “दोनों सही है.”

कुशलनं तसंच लिहिलं, आणि सिस्टमनं ते स्वीकारलं.

आता सकाळी आईच्या मोबाइलवर निरोप येतो, माझ्या नावानं. ती तो वाचत नाही; पोळ्या करता करता “आला का रे?” एवढंच विचारते.

मी कामावर परत गेलो त्या दिवशी बसमध्ये खिडकीच्या जागेवर डब्याची पिशवी होतीच. परत येताना मी डोळे मिटले आणि कोपराची वाट बघत बसलो. कोपर आलं नाही. मरीना गेलं असावं, शारजाही गेलं असावं. काका घरमालकाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, आणि मला खरोखरच झोप लागली. जाग आली तेव्हा माझा हात त्यांच्या मांडीवर होता आणि त्यांची दोन बोटं माझ्या मनगटावर. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. क्षणभर मला ते वादळ आठवलं.

“काका?”

“हलू नकोस,” काका म्हणाले. “मोजणी चुकेल.”